डॉक्टरांना संशोधक करण्याचा उद्योग

निवृत्त झाल्यापासून मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, भरताची वांगी निवडताना. "मॅडम, इतकी वर्षं मनोरुग्णांमध्ये काढलीत, त्रास नाही का झाला?"

खरं सांगायचं तर रुग्णांनी मला फारसा त्रास दिला नाही. एकाने एकदा चष्मा फोडला, आणि बरा झाल्यावर माफी मागायला घरी केळ्यांचा घड घेऊन आला. माझे केस वेळेआधी पांढरे केले ते रुग्णांनी नव्हे, डॉक्टरांनी. मी ज्यांना शिकवायचे त्या डॉक्टरांनी.

एमबीबीएस झाल्यावर मानसोपचारात एमडी करायला तीन वर्षं लागतात. त्या काळात ही मुलंमुली रुग्णालयातच राहतात, म्हणून त्यांना निवासी डॉक्टर म्हणायचं. रुग्ण तपासायचे, वॉर्ड सांभाळायचा, आणि या सगळ्यातून वेळ काढून एक प्रबंध लिहायचा. त्याला सगळे थीसिस म्हणतात. थीसिस झाला नाही तर परीक्षेला बसता येत नाही. जळगाव आणि धुळ्याच्या मधे, महामार्गाला लागून असलेल्या एका ट्रस्टच्या कॉलेजात मी या थीसिसची मार्गदर्शक होते. जळगावहून रोज जाऊन-येऊन. कागदावर माझं काम होतं 'संशोधनवृत्ती निर्माण करणे'. अशी वृत्ती निर्माण करण्यापेक्षा तापीत कापूस पिकवणं सोपं, असं मी विभागात बोलून दाखवायचे. कोणी हसायचं नाही. मी विनोद करतेय असं त्यांना वाटायचंच नाही.

संशोधन म्हणजे फार काही गूढ नसतं. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही असा एक प्रश्न घ्यायचा, ते शोधायचा प्रामाणिक रस्ता ठरवायचा, आणि जे निघेल ते लिहायचं. आवडो न आवडो. मानसोपचारात एक अडचण जास्तीची. साखर रक्तात मोजता येते, हाड एक्सरेत दिसतं, पण उदासी मोजायला यंत्र नाही. माणसालाच विचारावं लागतं. आणि समोर कोण बसलंय, सासू दाराशी उभी आहे का, परतीची बस किती वाजता, हे सगळं बघून माणूस उत्तर देतो. म्हणून प्रश्न कसा, कुठे, कोणासमोर विचारायचा हेच आमचं मोजमापाचं यंत्र. ते नीट वापरायला शिकवायचं, एवढंच माझं काम.

मुलांना मात्र उत्तर माहीत असलेलेच प्रश्न हवे असायचे. मधुमेहाच्या रुग्णांत उदासी असते का? असते. दारू पिणाऱ्यांच्या बायकांना ताण असतो का? असतो. दर वर्षी हेच विषय, फक्त गावाचं नाव बदलायचं. एकाने तर तेही बदललं नव्हतं. आमच्या पारोळा-एरंडोलच्या रुग्णांना त्याने समुद्रकिनाऱ्यावरचे मच्छीमार करून टाकलं होतं.

दुसऱ्या एकाची गोष्ट मी अजून विसरले नाही. थीसिस बांधायला जायच्या आदल्या दिवशी मी त्याचं आभाराचं पान वाचलं. "माझी प्रिय पत्नी आणि चिमुकला अथर्व यांनी सोसलेल्या विरहाबद्दल..."

"लग्न कधी झालं तुझं?" मी विचारलं.

"नाही झालं मॅडम."

"मग हा अथर्व कोण?"

त्याने पान जवळ घेऊन वाचलं. मग म्हणाला, "सिनियरचा असेल, मॅडम."

हसू येतं ना? मला तेव्हा आलं नव्हतं. आभारसुद्धा स्वतःचे मानता येत नाहीत, तो निष्कर्ष कुठून स्वतःचा काढणार?

उलट टोकाचीही असायची. प्रज्ञा तशी. साक्री तालुक्यातली. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, आजोबाही शिकलेले. तिच्या बौद्ध घरात पहिला नंबर येण्याचं कौतुक संपूनही बरीच वर्षं झाली होती. प्रज्ञाला खरंच संशोधक व्हायचं होतं, आणि ती मला दुसऱ्या प्रकारे छळायची. तिचं काम कधी संपायचंच नाही. एका प्रश्नातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. "मॅडम, याच्या आधी ते बघायला पाहिजे ना?" मी म्हणायचे, "प्रज्ञा, बाळा, लिही. अर्धवट का होईना, लिही." ती मान डोलवायची आणि आणखी वाचायला जायची.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले त्याच्याकडे वळते. त्याला हर्षल म्हणते. इथली सगळी नावं बदलली आहेत, हे सांगायला नकोच.

हर्षल शिरपूरचा. पणजोबा राजस्थानातून आलेले, कापडाचं मोठं दुकान, जैन घर, आणि घरातला हा पहिला डॉक्टर. हुशार होता, चटपटीत होता. रुग्णांना तो फार आवडायचा. जी बाई तासभर माझ्यासमोर पदराशी चाळा करत गप्प बसायची, ती याच्याशी पाच मिनिटांत बोलायला लागायची. त्याचा विषयही मला आवडला होता. आमच्या ओपीडीत उदासीच्या आजारावर गोळ्या सुरू केल्या की बरेच जण दुसऱ्यांदा येतच नाहीत. या आजाराच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि लोक त्याआधीच सोडून देतात. हर्षलचा प्रश्न साधा होता. डॉक्टरने दर आठवड्याला फोन करून चौकशी केली, तर लोक गोळ्या चालू ठेवतील का?

मी खूश झाले. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट केले. कोणाला फोन जाणार आणि कोणाला नाही, हे डॉक्टरच्या मर्जीवर सोडायचं नसतं. नाहीतर तो नकळत आपल्या आवडीचे, शहाणे रुग्ण फोनच्या गटात टाकतो. सगळं रीतसर सुरू झालं, आणि पुढच्या वर्षी हर्षलने मला पूर्ण झालेलं काम आणून दाखवलं.

इतकं सुंदर काम मी माझ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. फोन केलेले जवळजवळ सगळे बरे. न केलेले बरेचसे तसेच. आणि फोनच्या गटातला एकही माणूस मधेच गळालेला नाही. एकही! हे सगळं दसरा ते संक्रांत या काळात. खानदेशात त्या दिवसांत कापूस वेचणी असते. घरचं लग्न असलं तरी लोक वेचणी उरकून हळदीला जातात. आणि हे सगळे म्हणे ठरल्या तारखेला बस पकडून आमच्या ओपीडीत हजर!

"हर्षल, सगळे आले?"

"हो मॅडम. फोनचा परिणाम."

 माझा विश्वास बसला नाही.

आठवडाभरात ओपीडीत पिंपळनेरकडची एक बाई आली, स्वतःची झोपेची तक्रार घेऊन. बोलता बोलता आपल्या बोलीत म्हणाली, "मनी नणंद बी तुमनाकडेच येत व्हती. विमल."

विमल मला आठवत होती. हर्षलच्या अभ्यासातली, फोनच्या गटातली. मी म्हटलं, "हो, तिचं बरं चाललंय ना? संक्रांतीलाच येऊन गेली."

बाई चकित होऊन म्हणाली, "कशी ई जाई? ती ते दसरापासून गुजरातमा शे, ऊस तोडाले. अजून उनी नही."

दुपारी मी हर्षलला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं.

"विमलबाई संक्रांतीला आल्या होत्या?"

"हो मॅडम."

"कोण होतं बरोबर?"

"नवरा होता बहुतेक."

"गुजरातहून आले दोघं? ऊस सोडून?"

त्याचा चेहरा उतरला.  मग म्हणाला, "मॅडम, फोन मी खरंच केलेत. सुरुवातीचे सगळे केलेत. जे आले त्यांचंही खरं आहे. जे नाही आले, त्यांचं..."

"त्यांचं काय?"

"अंदाजाने भरलं. मॅडम, निकाल तोच येणार होता. डॉक्टरने स्वतः फोन केल्यावर माणूस गोळ्या घेणारच ना? हे कोणालाही कळतं."

"कोणालाही कळतं तर तुला इथे तीन वर्षं का ठेवलंय? ज्योतिषाची पाटी लाव, जा!"

माझा आवाज बाहेर ओपीडीत ऐकू गेला असणार. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला त्या पाण्याचाही राग आला. खोटं लिहिल्याचं ते दुःख नव्हतं, सापडल्याचं होतं.

विभागप्रमुखांना सांगितलं तर त्यांनी चहा मागवला. "मॅडम, कशाला ताणता? असे थीसिस कपाटं भरभरून पडलेत. कोण वाचतं?" हे वाक्य मला सगळ्यात जास्त झोंबलं, कारण ते खरं होतं. तरीही मी नीतिसमितीला कळवलं. माणसांवर होणारा अभ्यास नीट चाललाय की नाही, हे पाहणारी समिती प्रत्येक कॉलेजात असते. समितीने बनावट भाग रद्द केला. हर्षलची परीक्षा एक सत्र पुढे गेली, आणि तेवढ्या काळात त्याने काम खरं करून दाखवायचं असं ठरलं. विभागात माझ्याशी महिनाभर कोणी धड बोललं नाही. एकटी प्रज्ञा माझ्या खोलीत यायची, आणि ती आली की नवा प्रश्न घेऊन यायची.

मग शिरपूरहून हर्षलचे वडील आले. कांतीलालशेठ. पांढराशुभ्र सदरा, मृदू बोलणं, हातात मिठाईचा पुडा. पुडा मी घेतला नाही, तो टेबलाच्या कडेवर तसाच राहिला.

"मॅडम, माझं शिक्षण दुकानातलं. मला समजावून सांगा. मुलाने पेशंटला चुकीचं औषध दिलं?"

"नाही."

"उद्धट बोलला?"

"नाही हो. पेशंट तर त्याचं नाव काढतात."

"मग?"

"न आलेल्या माणसांना आलेले दाखवलं, आणि बरे झाले म्हणून लिहिलं."

शेठजी विचारात पडले. "पण मॅडम, ते आले असते तर बरेच झाले असते ना?"

 मुलगा कोणावर गेलाय ते कळलं. मग ते अगदी मनापासून म्हणाले, "हे थीसिस रेडिमेड नाही का मिळत कुठे? चांगल्यातलं? मुलाचं वर्ष वाया जातंय."

"मिळतं ना, शेठजी. तेच आणलं होतं त्याने."

त्यांना राग आला नाही. जाताना ते फक्त एवढंच म्हणाले, "तुम्ही त्याच्यावर फार नाराज आहात. पण त्याला सोडू नका." ते गेल्यावर मी बराच वेळ स्वतःशीच धुसफुसत बसले. सोडू नका म्हणे! सोडायचं असतं तर गप्प बसून सही नसती केली?

होळीनंतर ऊसतोडीची माणसं परत येतात. मी हर्षलला म्हटलं, "चल, विमलबाईंपासून सुरुवात करू." प्रज्ञालाही घेतलं. तिला त्या भागातली माणसं आणि बोली, दोन्ही माहीत. धुळ्याहून बसने पिंपळनेर, तिथून जीपने पुढे. हर्षल खिडकीशी तोंड फिरवून बसला होता. साक्रीच्या स्टँडवर मी त्याला चहा दिला, तोही त्याने अर्धाच घेतला. मला वाटलं, वाया गेलेला रविवार आहे.

विमलच्या अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती. नवरा घरी नव्हता, पिंपळनेरला गेला होता. ती आधी घाबरली. मग प्रज्ञाने बोलीत चौकशी सुरू केली तशी सैल झाली. वाळली होती. डोळ्यांखाली काळं. मी विचारलं, "गोळ्या बंद केल्यास ना?" तिने मान हलवली. का, ते सांगेना. तिची नजर पुन्हा पुन्हा अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या हर्षलकडे जात होती. मी म्हटलं, "त्यांना लांब बसवू का?"

"तोच ना फोन करनारा?" ती म्हणाली. "त्यालेच सांगनं शे माले."

हर्षल येऊन खाली बसला. ती चिडून बोलली नाही. आपल्या माणसाला सांगावं तसं सांगत होती, आणि तेच ऐकायला कठीण होतं.

"भाऊ, तू चांगला मानूस शे. पन तुना फोन उना का मना नवरा बठ्ठास्ना समोर स्पीकर चालू करे. तू इचारे, झोप लागस का. रडू येस का. मरानं मनमा येस का. मुकादम ऐके, गडी ऐकेत, बाया ऐकेत. बठ्ठास्ले समजनं, हाई डोकानी गोळी खास."

असं सगळ्यांसमोर ऐकून ऊसतोडीच्या सगळ्या तळावर तिला डोक्याची बाई म्हणायला लागले. तिच्या शेजारी ऊस तोडायला कोणी तयार होईना. नवऱ्याला मुकादमाने सुनावलं, आणि नवऱ्याने तिला. शेवटी त्याने फोनमधलं सिमच काढून टाकलं आणि तिने गोळ्या चुलीत टाकल्या. त्यानंतर एकदा ती तळाजवळच्या विहिरीवर गेली होती. पाण्याला नव्हे. मागून आलेल्या दोन बायकांनी तिला ओढून आणलं.

"कधी?" हर्षलने विचारलं. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

"दिवाळी झायी, त्याना मांगे."

तो उठला आणि कुडाच्या भिंतीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. प्रज्ञाने विमलचा हात धरला होता. मी माझं काम सुरू केलं, कारण अशा वेळी डॉक्टरला तेवढंच करता येतं. आज मनात काय येतं ते विचारलं, घरात तिचं कोण आहे ते विचारलं, ओपीडीत आलेल्या त्या भावजयीला बोलावून घेतलं. गोळ्या पुन्हा सुरू करायचं ठरलं. आमच्या कॉलेजचं महिन्याचं शिबिर पिंपळनेरला असायचं. तिथे भावजयीबरोबर यायचं, बाजाराच्या निमित्ताने. फोन नाही. हे तिने दोनदा विचारून घेतलं, "फोन ते नही ना?"

परतीच्या जीपमध्ये हर्षल एकच वाक्य बोलला. "मॅडम, दिवाळीनंतर मी तिला 'बरी' लिहिलं होतं."

 ओरडण्यासारखं बरंच होतं, पण ते मी सगळं आधीच ओरडून बसले होते. आणि खरं सांगू? मला स्वतःलाही धक्का बसला होता. फोनने फार तर फायदा होणार नाही, एवढाच माझा हिशेब होता. तो कोणाला विहिरीपर्यंत नेईल हे माझ्या, समितीच्या, कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. फोनवर काय काय विचारायचं ते आम्ही नीट ठरवलं होतं. 'तुम्ही आता कुठे आहात? जवळ कोण आहे?' हे दोन प्रश्न त्यात नव्हते. म्हणून कोणी ते विचारले नाहीत.

त्यानंतरचे काही महिने हर्षल अभ्यासातल्या एकेका माणसाच्या घरी गेला. साक्री, शिरपूर, चोपडा, थेट सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत. कोणी बरं होऊन कामाला लागलं होतं आणि याला ओळखही देत नव्हतं. कोणी देवऋष्याकडे गेलं होतं. एका म्हाताऱ्याला मात्र फोन फार आवडायचा. कारण त्याला दुसरा कोणी फोन करणारा नव्हता. तो म्हणाला, "गोळी राहू दे, तू फोन कर." काही जण मिळालेच नाहीत. तिथे हर्षलने 'सापडले नाहीत' असं लिहिलं. हे दोन शब्द लिहायला शिकवणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम होतं. ते मी शिकवू शकले नाही, ते तो अंगणातच शिकला.

निकाल काय आला? फोनचा एकूण फायदा दिसला नाही. ज्यांचा फोन स्वतःचा होता त्यांचं थोडं बरं. ज्यांच्या घरात एकच फोन आणि तोही नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात, त्यांच्यात उलट जास्त जणींनी गोळ्या सोडल्या होत्या. पण असे रुग्ण थोडे, म्हणून ठाम काही म्हणता येत नव्हतं. हर्षलने लिहिलं, 'ठाम म्हणता येत नाही.' मी त्या पानावर एकही लाल खूण केली नाही.

आता कोणालाही वाटेल की इथून पुढे सगळं चांगलं झालं. छे! परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी थीसिस चाळला आणि विचारलं, "म्हणजे निष्कर्ष काहीच नाही?" हर्षल समजावायला लागला, तर त्यांनी घड्याळ पाहिलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं. त्या मुलाने मधुमेहींमध्ये उदासी असते हे पुन्हा एकदा सिद्ध केलं होतं, आणि त्याचं कौतुक झालं. आम्ही लेख लिहून नियतकालिकांना पाठवला. एकाने म्हटलं, नवीन काही नाही. दुसऱ्याने म्हटलं, परिणाम दिसत नाही. तिसऱ्याने उत्तरच दिलं नाही. बनावट कामाचा लेख केला असता तर पहिल्या फटक्यात छापून आला असता, याबद्दल मला आजही शंका नाही. शेवटी कुठल्या तरी छोट्या नियतकालिकात तो आला. माझ्या माहितीप्रमाणे तो वाचणारी एक मी आणि दुसरी प्रज्ञा. प्रज्ञाने वाचून त्यात तीन नवे प्रश्न काढले.

कांतीलालशेठ निकालाच्या दिवशी आले. मुलगा पास झाला म्हणून आनंदात होते. या वेळी मी पेढा घेतला. ते म्हणाले, "मॅडम, एवढी पायपीट केली त्याने. शेवटी निघालं काय?"

"फोनचा उपयोग नाही, असं निघालं."

"एवढंच?"

"एवढंच."

ते माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, जसं घरातल्या वडीलधाऱ्याचं डोकं जरा हललंय असं कळल्यावर लोक बघतात.

प्रज्ञा दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत गेली. ती संशोधक झाली. लिहायलाही शिकली, माझ्या हाताखाली नव्हे, दुसऱ्या कोणाच्या तरी धाकाने. हर्षलबद्दल माझ्या मनात एक वेडी आशा होती. अंगणात जे घडलं त्यानंतर हा मुलगा हेच काम करील, असं मला वाटलं होतं. त्याने धुळ्यात हॉस्पिटल काढलं. मोठी पाटी, काचेचं दार, टोकन पुकारणारं यंत्र. उद्घाटनाला मी गेले, नारळ घेतला, घरी आले. एवढी वर्षं घालवून माझ्या हाती काय आलं, याचा हिशेब करायचा मला धीर होत नव्हता. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांतली बहुतेक अशीच काचेच्या दारांमागे आहेत. तिथे रुग्ण बरे होतात, हे खरंच. त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रश्न विचारायचं काम मात्र थांबतं.

विमल त्या शिबिराला येत राहिली. मधे दोनदा गोळ्या सुटल्या, पुन्हा सुरू झाल्या. ऊसतोडीला जाताना आता ती काही महिन्यांच्या गोळ्या मिसरीच्या डबीत घालून नेते. तिच्या डबीला कोणी हात लावत नाही. ही युक्ती तिची तिने काढली.

मी निवृत्त झाल्यावर पहिल्याच दिवाळीनंतर हर्षल जळगावला घरी आला. बरोबर लॅपटॉप. मला वाटलं, लग्नाची पत्रिका असेल. तो सोफ्याच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "मॅडम, थोडं काम दाखवायचंय. दोन वर्षं करतोय. कोणाला सांगितलं नाही."

दर महिन्याच्या एका रविवारी तो हॉस्पिटल बंद ठेवून पिंपळनेरला जात होता. पहिल्या भेटीतच रुग्णाला विचारायचं, तुमची चौकशी आम्ही कशी करायची? फोनने, माणूस पाठवून, बाजारात भेटून, की करायचीच नाही? जसं ते सांगतील तसं. त्यामुळे लोक उपचारात टिकतात का, हे तो बघत होता. कोणी सांगितलं नव्हतं, परीक्षा नव्हती, पदवी नव्हती.

"काय निघालं?" मी विचारलं.

"बहुतेक काही नाही निघणार, मॅडम," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर जे हसू होतं ते मी त्याच्या उद्घाटनातही पाहिलं नव्हतं. "पण का निघत नाहीये, ते कळायला लागलंय. बऱ्याच जणींनी 'चौकशी नको' निवडलं. आणि त्याच जास्त येतायत."

मी चष्मा लावला आणि पहिलं पान वाचायला घेतलं. तिसऱ्याच ओळीत त्याने लिहिलं होतं, की रुग्णांनी हे 'मुक्तपणे' निवडलं. माझं डोकं तडकलं.

"मुक्तपणे? निवडताना नवरा जवळ होता की नव्हता, हे कुठे लिहिलंयस? सासू होती? तू स्वतः टेबलापलीकडे बसला होतास ते? हर्षल, तू इतक्या वर्षांत काही शिकलास की नाही? हे पान पुन्हा लिही. सगळं पुन्हा लिही!"

स्वयंपाकघरातून आमचे हे बाहेर येऊन बघून गेले. मला वाटलं, आता हा रागावून उठेल. एवढा मोठा डॉक्टर, त्याच्या हाताखाली सात-आठ माणसं.

हर्षल लॅपटॉप माझ्याकडे सरकवत म्हणाला, "बोला, मॅडम. बोलत राहा. हॉस्पिटलात मला कोणी चूक म्हणतच नाही."

मी दुसरं पान उघडलं.